ऑथेल्लो नेमका कुठे फिरतो?

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो बायकोचा शब्द खाली पडू देत नाही. तोच प्रवेश संपतो तेव्हा गुडघे टेकून त्याने सूडाची शपथ घेतलेली असते आणि तिला मारायचे कसे, याचा विचार सुरू झालेला असतो. मधल्या सुमारे ४८० ओळींत कुणाचा खून होत नाही, दूत येत नाही, लढाई होत नाही. दोन माणसे बोलत असतात. शेक्सपिअरच्या या नाटकाचा पहिला नोंदलेला प्रयोग १ नोव्हेंबर १६०४ रोजी राजा जेम्सच्या दरबारात झाला. तेव्हापासून आजवर या नाटकावर जे लिहिले गेले त्यातला मोठा भाग या एकाच प्रवेशाभोवती घोटाळतो. प्रश्नही साधारण एकच: शूर, भला, स्वतःवर ताबा असलेला सेनापती एका बैठकीत इतका फिरला कसा? आणि ते आपण मानायचे का?

या प्रश्नाची उत्तरे भरपूर आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. ती वाचताना मला सतत वाटत आले आहे की टीकाकारांनी ऑथेल्लोने बायकोला दिलेल्या आणि पुढे तिच्याविरुद्ध पुरावा ठरलेल्या रुमालाकडे फार पाहिले आणि रुमाल पडण्याआधीच्या बोलण्याकडे त्यामानाने कमी. ऑथेल्लो रुमालाने फिरत नाही. रुमाल येतो तेव्हा तो फिरून चुकलेला असतो.

उत्तम शोकांतिकेत कलाटणी हवी, हे ॲरिस्टॉटलने सांगितले आणि उदाहरण दिले सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’चे. कोरिंथहून माणूस येतो तो ईडिपसची भीती घालवायला. पण त्याच्या बातमीनेच ईडिपसचा घात होतो. पु. ल. देशपांड्यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे मराठी वाचकाला तो प्रसंग ठाऊक आहे. तिथे सत्य आधीच घडून गेलेले आहे, फक्त उघडे पडायचे आहे. पुढे १८६३ मध्ये गुस्ताव फ्राइटाग या जर्मन लेखकाने पाच अंकांच्या नाटकाचा आराखडा मांडला आणि शिखर तिसऱ्या अंकात ठेवले. या आराखड्यात ‘ऑथेल्लो’ वरवर पाहता चपखल बसते. पण सोफोक्लिसशी ताडून पाहा. इथे उघडे पडायला सत्यच नाही. ऑथेल्लोची बायको डेस्डेमोना निर्दोष आहे हे प्रेक्षकाला पहिल्यापासून माहीत आहे, त्याच्या हाताखालचा इयागो काय करणार हे तो स्वतः येऊन सांगून गेलेला आहे. म्हणजे कलाटणी देणारी घटना बाहेर कुठेच नाही. ती एका माणसाच्या मनात, आपल्या डोळ्यांदेखत घडवली जाते. शोकांतिकेच्या इतिहासात इतकी मोठी उलथापालथ इतक्या रिकाम्या सामग्रीवर क्वचितच उभी राहिली असेल.

आता प्रवेशच जरा जवळून पाहू. ऑथेल्लोचा सहायक कॅसिओ डेस्डेमोनाला भेटून आपल्या गेलेल्या नोकरीसाठी रदबदली करायला सांगतो आणि ऑथेल्लो येताना दिसताच संकोचाने निघून जातो. इयागो तेवढ्यावर एक अर्धवट उद्गार टाकतो. ऑथेल्लोने विचारले की काही नाही म्हणतो. मग डेस्डेमोना कॅसिओची बाजू मांडते. आज रात्री बोलावता का, उद्या जेवायला, मंगळवारी सकाळी, दुपारी, रात्री, बुधवारी सकाळी? तीन दिवसांच्या पुढे जाऊ देऊ नका. हा लडिवाळ हट्ट आहे. नव्या संसारातली, नवऱ्यावर आपला हक्क आहे हे नुकतेच कळलेली मुलगी बोलते तसा. ऑथेल्लो हसून मान्य करतो. ती जाते. आणि इयागो एक साधी चौकशी करतो: तुमचे प्रेम जमत होते तेव्हा कॅसिओला ते माहीत होते का?

पुढची पन्नास-साठ ओळींची मजल हा या प्रवेशाचा गाभा आहे. इयागो आरोप करत नाही. तो ऑथेल्लोचाच शब्द उचलून प्रश्नासारखा परत करतो. ऑथेल्लोने विचारावे, कॅसिओ प्रामाणिक नाही का, याने ‘प्रामाणिक?’ एवढेच म्हणावे. तुला काय वाटते असे विचारावे, तर ‘वाटते?’ एवढेच. या प्रतिध्वनीने ऑथेल्लो अस्वस्थ होतो, कारण या माणसाच्या मनात काहीतरी भयंकर दडलेले आहे आणि तो ते दाखवायला धजत नाही, असा अर्थ तो स्वतःच लावतो. मग इयागो मत्सरापासून सावध राहा असा उपदेश करतो. ज्याचे नाव अजून कुणी घेतले नव्हते ते नाव उपदेशाच्या मिषाने घेतले जाते. नावलौकिकाचे मोल तो कळवळून सांगतो. आदल्या अंकात नोकरी गेलेल्या कॅसिओला त्यानेच समजावले होते की नावलौकिक ही पोकळ गोष्ट आहे. प्रेक्षकाने दोन्ही ऐकले आहे, ऑथेल्लोने एकच.

आणि मग ती जागा येते जिथे, माझ्या मते, नाटक वळते. इयागोने आठवण करून दिलेली असते की हिने बापालाही फसवून तुमच्याशी लग्न केले. बाप ब्रबॅन्शिओ पहिल्या अंकात जाताजाता हेच बजावून गेला होता. ऑथेल्लो थोडा वेळ सावरतो, ती पतिव्रता आहे असे म्हणतो. पण तेवढ्यावर थांबत नाही. निसर्ग आपली वाट सोडून भरकटतो तेव्हा, असे काहीतरी तो स्वतःच बोलू लागतो आणि वाक्य अर्धे राहते. इयागो झडप घालून ते पुरे करतो: हाच तर मुद्दा आहे, आपल्या देशाची, आपल्या रंगाची, आपल्या दर्जाची स्थळे तिने नाकारली, हे स्वाभाविक म्हणायचे का? या नाटकातला सर्वांत विषारी विचार असा दोघांनी मिळून उच्चारलेला आहे, आणि सुरुवात ऑथेल्लोने केलेली आहे. व्हेनिसने इतकी वर्षे त्याला मान दिला, हुद्दा दिला, मेजवानीला बोलावले. पण हा गृहस्थ आपला नव्हे, हेही त्याच्या कानी घालत राहिले. ते कुठेतरी साठत होते. इयागोला ते नव्याने रुजवावे लागत नाही.

लगेच पुढच्या स्वगतात ऑथेल्लो कारणे मोजतो: मी काळा आहे, दरबारी माणसांसारखे गोड बोलणे मला येत नाही, माझे वय उतरणीला लागले आहे. डेस्डेमोनाबद्दलचा एकही पुरावा त्यात नाही. सगळा हिशेब स्वतःच्या उणिवांचा आहे. याच स्वगतात तो म्हणतो की असा संसार करण्यापेक्षा अंधारकोठडीतला बेडूक होऊन जगणे पत्करेन. पहिल्या दोन अंकांत ज्याच्या तोंडी समुद्र, तारे आणि रणांगण होते त्याच्या तोंडी आता इयागोचे प्राणी आलेले असतात. जी. विल्सन नाइट यांनी १९३० मध्ये ऑथेल्लोच्या भाषेच्या संगीतावर लिहिले. ते वाचल्यावर या प्रवेशात ते संगीत कसे बेसूर होत जाते हे कानाला कळू लागते. माणूस बदलला हे शेक्सपिअर सांगत बसत नाही, त्याची बोली बदलतो.

रुमाल पडतो तो यानंतर. ऑथेल्लोचे डोके दुखते, डेस्डेमोना रुमाल बांधू पाहते, तो लहान पडतो म्हणून तो झिडकारतो आणि दोघेही निघून जातात. जुन्या छापील संहितांत रुमाल पडल्याची रंगसूचनासुद्धा नाही. ती नंतरच्या संपादकांनी घातली. म्हणून प्रत्येक दिग्दर्शकाला इथे ठरवावे लागते की रुमाल तिच्या हातून सुटला की त्याच्या हाताच्या फटक्याने उडाला. दुसरा पर्याय मला जास्त खरा वाटतो. आपण दिलेली पहिली भेट आपल्याच हाताने खाली पडली आणि ती हरवली म्हणून पुढे बायकोचा जीव घेतला, हे त्यात दिसते.

रुमालावरून मात्र दोनशे वर्षे गदारोळ झाला. १६९३ च्या सुमारास टॉमस रायमरने या नाटकावर सडकून टीका केली. एवढ्या मोठ्या शोकांतिकेचा डोलारा एका फडक्यावर उभारावा, हे त्याला सहनच झाले नाही. यातून बायकांनी फार तर आपले कपडे नीट सांभाळावेत एवढा बोध घ्यावा, असे तो म्हणाला. फ्रान्समध्ये तर ‘रुमाल’ हा शब्दच रंगभूमीला चालेना. १७९२ मध्ये द्युसीने रूपांतर करताना रुमालाच्या जागी हिऱ्यांची पट्टी आणली. १८२९ मध्ये आल्फ्रेद द व्हिन्यीने खरा रुमाल रंगमंचावर आणला तेव्हा पॅरिसच्या प्रेक्षागृहात गोंधळ झाला. शोकांतिकेत वस्तूदेखील खानदानी हवी अशी ती अपेक्षा होती. विशाल भारद्वाज यांनी २००६ च्या ‘ओंकारा’त रुमालाऐवजी घराण्याचा कमरपट्टा घेतला. आपल्याकडच्या प्रेक्षकाला घरातला दागिना परक्या बाईकडे दिसणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. मात्र त्याने वस्तूचे वजन वाढते, आणि मूळ नाटकात ती हलकी आहे म्हणूनच भीती वाटते.

रायमरचा दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता: हे सगळे घडायला वेळ कुठे आहे? सायप्रसला उतरल्या रात्री कॅसिओची नोकरी जाते, दुसऱ्या दिवशी हा प्रवेश. प्रवासात डेस्डेमोना आणि कॅसिओ वेगवेगळ्या जहाजांवर होते. मग व्यभिचार झाला कधी? एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जॉन विल्सनने ‘ब्लॅकवुड्स’ मासिकातून दुहेरी काळाची उपपत्ती मांडली: नाटकात एक घड्याळ वेगाने धावते, दुसरे आठवडे लोटल्याचा भास देते आणि प्रेक्षक दोन्ही मान्य करतो. उपपत्ती हुशारीची आहे, पण मला तिची फारशी गरज वाटत नाही. संशय आलेला माणूस तारखा मोजत नाही. आपणही प्रेक्षागृहात मोजत नाही, कारण तोवर आपण ऑथेल्लोच्या घड्याळावर आलेलो असतो.

टीकाकारांचे खरे भांडण आहे ते दोष कुणाचा यावर. सॅम्युअल जॉन्सनने १७६५ च्या आवृत्तीत लिहिले की इयागो ज्या पायऱ्यांनी पुढे सरकतो त्या इतक्या स्वाभाविक आहेत की आपल्याला ऑथेल्लोची कीव यावी. कोलरिजने तर ऑथेल्लो मत्सरी आहे हेच नाकारले. ज्याला आपण देवता मानले ते डागाळलेले दिसण्याचे हे दुःख आहे, असे त्याचे म्हणणे. १९०४ मध्ये ए. सी. ब्रॅडलीने हीच बाजू भक्कम केली: इयागोला फक्त ऑथेल्लोच प्रामाणिक समजत नाही, सारे जग समजते, लग्न नवे आहे, बायकोची ओळख थोडी, सहकाऱ्याची जुनी. ब्रॅडलीचे एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. बाकीच्या शोकांतिकांत झगडा लवकर सुरू होतो आणि मध्यानंतर जरा सैलावतो. इथे तो उशिरा सुरू होतो, म्हणून या प्रवेशापासून शेवटापर्यंत श्वास घ्यायला जागाच राहत नाही.

या सगळ्याला १९३७ मध्ये एफ. आर. लीव्हिसने धक्का दिला. इयागोच्या बुद्धीचे कौतुक पुरे, असे त्याचे म्हणणे. तो इतक्या चटकन यशस्वी होतो याचे कारण ऑथेल्लो तयारच आहे. शत्रू तटबंदीच्या आत आहे. त्याआधी दहा वर्षे टी. एस. एलियटनेही ऑथेल्लोचे अखेरचे भाषण म्हणजे स्वतःची समजूत घालणे आहे असे म्हटले होते. हेलन गार्डनरने १९५५ च्या व्याख्यानात ऑथेल्लोची थोरवी पुन्हा ठामपणे मांडली. तेव्हापासून अभ्यासकांत हे दोन पक्ष आहेत आणि दोन्ही या प्रवेशातल्याच ओळी पुढे करतात. मला लीव्हिसचे अर्धे पटते. ऑथेल्लो फार लवकर प्रतिसाद देतो, हे खरेच आहे. पण ही घाई लीव्हिस त्याच्या आत्मप्रेमाच्या खात्यावर टाकतो आणि ज्या समाजात हा माणूस एकटा, बाहेरचा, भाडोत्री सेनापती म्हणून जगतो त्याचा हिशेब करत नाही. १९८९ मध्ये ॲनिया लूम्बा यांनी वंश आणि लिंगभाव एकत्र धरून हे नाटक वाचले, तेव्हा त्या अर्धवट सोडलेल्या वाक्याला त्याचे पुरे वजन मिळाले. एकदा ते वाचन कळले की ‘भोळा की दुष्ट’ हा वादच तोकडा वाटू लागतो.

मराठीत हे नाटक लवकर आले. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. गणपतराव जोशी ज्या भूमिकांसाठी गाजले त्यांत हॅम्लेटबरोबर झुंझाररावही होता. पुढे १९६१ मध्ये वि. वा. शिरवाडकरांनीही ‘ऑथेल्लो’ मराठीत आणले. पण मला इथे देवलांचीच दुसरी कृती जास्त बोलकी वाटते. ‘झुंझारराव’नंतर तीनच वर्षांनी त्यांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले आणि त्याचेच पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले. मुळाशी मोल्येरचे प्रहसन. म्हणजे एकाच नाटककाराने नवऱ्याचा संशय शोकांतिकेतही हाताळला आणि सुखान्तिकेतही. दोन्हीकडे एक वस्तू हरवते आणि नको त्या हाती सापडते: तिकडे रुमाल, इकडे अश्विनशेटची तसबीर. फरक कुठे आहे? फाल्गुनराव संशयाने पछाडलेलाच आहे, पण तो मनात काही ठेवत नाही. तो ओरडतो, जाब विचारतो, त्याची बायको कृत्तिकाही उलट त्याच्यावर संशय घेते, आणि चौघे समोरासमोर आले की तसबिरीचा उलगडा होतो. झुंझारराव संशयी नव्हता, आणि संशय आल्यावर तो जिला विचारायचे तिलाच विचारत नाही. कॅसिओला तर शेवटपर्यंत विचारत नाही. या प्रवेशात डेस्डेमोना मधेच येते, समोर उभी राहते, काय झाले म्हणते. तो डोकेदुखी सांगतो. ‘संशयकल्लोळ’ जिथून सुरू झाले असते, नेमक्या त्या जागी ऑथेल्लो गप्प बसतो.

नटांना हा प्रवेश पेलणे किती अवघड आहे याची साक्ष रंगभूमीच्या इतिहासात आहे. २५ मार्च १८३३ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये एडमंड कीन ऑथेल्लो करत होता, त्याचा मुलगा चार्ल्स इयागो. याच प्रवेशात, सैन्याचा आणि कीर्तीचा निरोप घेण्याचे भाषण संपल्यावर, तो मुलाच्या अंगावर कोसळला. पुन्हा रंगमंचावर उभा राहिला नाही आणि मे महिन्यात वारला. तो कोसळल्यावर काही आठवड्यांतच त्याच रंगमंचावर आयरा ऑल्ड्रिज हा कृष्णवर्णी नट ऑथेल्लो म्हणून उभा राहिला. इटालियन नट साल्व्हिनी इयागोचा गळा धरून त्याला जमिनीवर आपटी, त्याचे डोके चिरडायला पाय उचली, भानावर येई आणि हात देऊन त्याला उठवी. उठवण्याची ती कृती मला फार बोलकी वाटते: पुरावा दे नाहीतर मरशील, असे म्हणणाऱ्याने इयागोला हात दिला, तिथेच त्याला आपला माणूस मानले. पुढचे दोघांचे गुडघे टेकणे त्यातूनच येते. नवरा-बायकोने घ्यावी तशी ती शपथ आहे आणि घेणारे दोघे पुरुष आहेत. बोइतो आणि व्हेर्दी यांनी १८८७ च्या ऑपेरात व्हेनिसचा पहिला अंक सरळ गाळला, पण हे शपथेचे द्वंद्वगीत अंकाच्या शेवटी ठेवले.

१९४३ मध्ये पॉल रोबसनने ब्रॉडवेवर केलेला ऑथेल्लो २९६ प्रयोग चालला. लॉरेन्स ऑलिव्हिएचा १९६४ चा ऑथेल्लो लीव्हिसचा निबंध वाचून उभा केलेला होता: स्वतःवर खूश, आतून पोकळ. अभिनय म्हणून थोर, पण काळा रंग फासलेला तो चेहरा आता पाहवत नाही. १९८७ मध्ये जेनेट सुझमन यांनी जोहान्सबर्गच्या मार्केट थिएटरमध्ये जॉन कानी यांना घेऊन हे नाटक केले. मिश्र विवाहांवरची बंदी उठून तिथे जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि वर्णभेदाचे बाकीचे कायदे जिवंत होते. देश, रंग, दर्जा हे तीन शब्द त्या प्रेक्षागृहात ऐकताना मानसशास्त्राची चर्चा कुणाला सुचली असेल असे वाटत नाही.

एका पात्राकडे मात्र रंगभूमीने आणि टीकेने फार उशिरा पाहिले. पडलेला रुमाल उचलते ती इयागोची बायको एमिलिया. नवऱ्याने शंभरदा मागितला होता, का ते तिला ठाऊक नाही, देऊन टाकते. शेक्सपिअरने ज्या चिंथिओच्या १५६५ च्या कथेवरून नाटक घेतले तिथे इयागोच्या जागी असलेला अधिकारी स्वतः रुमाल चोरतो, त्याची लहान मुलगी डेस्डेमोनाच्या कडेवर असताना. शेक्सपिअरने ती मुलगी काढली आणि चोरीत बायकोला आणले. हा बदल फार मोठा आहे. पुढच्याच प्रवेशात डेस्डेमोना विचारते, रुमाल कुठे हरवला असेल ग, आणि एमिलिया माहीत नाही म्हणते. मग ऑथेल्लो रुमालावरून थयथयाट करतो तेव्हाही ती तिथेच उभी असते आणि बोलत नाही. १९७० नंतरच्या स्त्रीवादी समीक्षेने हे मौन पुढे आणले आणि तेव्हापासून प्रयोगांत एमिलियाचा चेहरा दिसू लागला. ऑथेल्लो जिथे फिरतो ती जागा मी वर दाखवली. पण तो जिथे परत फिरवता आला असता ती जागा एमिलियाच्या हाती होती. पाचव्या अंकात ती नवऱ्याच्या धाकाला न जुमानता सगळे बोलते, ऑथेल्लोला त्याचा गुन्हा कळतो आणि इयागो तिला तिथेच भोसकतो. तोवर डेस्डेमोना मेलेली असते.